मधल्या भिंतीचं दार

उदगीरला गिरणीच्या गल्लीत आमचं वाचनालय,
आणि त्याच्या पाठीला पाठ लावून पत्र्याची शेड,
जिथं चहावर अर्धं गाव बोलायला बसतं.

वाचनालयातल्या फळ्यावर मन्मथअप्पा
रोज सकाळी पावणेसातला खडूनं लिहितात.
बारा ओळी. कधी पाण्याच्या टाकीबद्दल,
कधी देवणी गाईच्या कानांबद्दल,
एकदा नुसतं, कणसावर चिमणी तोल कसा सांभाळते, एवढंच.
वाचणारा वाचतो, मान हलवतो, पेपरकडं वळतो.
तिकडं शेडमध्ये त्याच टाकीवरून
बाकड्यांवर मुठी आपटत असतात,
अप्पांच्या बारा ओळी कुणाच्या गावीही नसतात.
मध्ये नऊ इंचांची भिंत.

"दार पाडू," गौस मिस्त्री म्हणाला,
"दोन दिवसांचं काम."

सव्वा महिना लागला.

भिंत पहिल्याच दिवशी फुटली, त्यात काही नव्हतं.
अडलं ते नावांवर.
माझ्या रजिस्टरात सभासद चारशे बारा,
कलावतीकडं उधारीची वही, सगळी टोपणनावं.
इकडचा अब्दुल रहीम शेख तिकडं 'रहीम टायर',
तिकडचा 'मास्तर' कधीच मास्तर नव्हता.
व्यंकट बिरादार दोन होते, पत्ता एकच,
मी त्यांना एक करून टाकलं, आणि
धाकट्याच्या नावावर थोरल्याची तीन पुस्तकं चढली.
दोघंही भांडत आले. एकमेकांशी नाही, माझ्याशी.

रात्री दुकान आवरलं की कलावती वही घेऊन यायची,
ती वाचायची, मी बोट फिरवायची.
"ह्यो वारला की."
"आमच्यात अजून जिवंत आहे, बाई. दंड चढतोय त्याला."

मग दार बसलं ते उलटं.
उघडलं की वर्तमानपत्रांच्या घोडीला थडकायचं.
गौसनं बिजागऱ्या काढल्या, हातात घेऊन उभा राहिला.
"मॅडम, भिंतीला बाजू दोन असत्यात,
पण दार कुण्या तरी एकाच बाजूला उघडतंय. ठरवा."
ठरवलं. इकडून ढकलायचं, तिकडं उघडायचं.
किल्ली एकच,
चुलीमागच्या खुंटीला.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही.
तिसऱ्या दिवशी बाराव्या ओळीखाली कुणाचं तरी अक्षर:
"हे कशावरून?"
अप्पा फडकं हातात घेऊन अर्धा तास उभे.
पुसलं नाही. माझ्याशी बोललेही नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊच ओळी लिहिल्या
आणि खाली जागा मोकळी सोडली.

त्या जागेत आता काय काय येतं!
टाकीचा नकाशा. गाईच्या कानांवर दुरुस्ती.
एक शिवी, जी मी लगेच पुसली.
आणि 'बोअर पाडून मिळेल', खाली मोबाईल नंबर,
तो रोज पुसते, रोज उगवतो.
खडूचं बिल दुप्पट झालंय,
अध्यक्ष विचारतात, कामून?

एक सभासद मात्र अजून जुळला नाही.
क्रमांक दोनशे सात. नावावर कधीतरी पाणी सांडलेलं,
उरलीय फक्त सही,
शेवटचं अक्षर बैलाच्या शेपटीसारखं खाली ओढलेलं.
कलावती म्हणते, असलं अक्षर माझ्या वहीत नाही,
हा माणूस उधारी करत नसंल.

काल अप्पांच्या आधीच फळ्यावर लिहिलेलं होतं,
सगळ्यात खाली, कोपऱ्यात, हिरव्या खडूनं:
"टाकीत मी उतरलोय. तळाला भेग आहे."
शेवटचं अक्षर खाली ओढलेलं.

अप्पांनी वाचलं. पुन्हा वाचलं, चष्मा काढून.
खडू खिशात ठेवला,
आणि दाराला खांदा लावून
पलीकडं विचारायला गेले.